नदी पार करण्याची गणितं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदिश शिकवून झाले की पहिली दांडी उडते ती नदीच्या गणितात. पाऊस-छत्री जमते, आगगाड्या जमतात, पण नदी आली की सूत्रांची सरमिसळ सुरू होते. अकरावीची, जेईईची आणि सीईटीची मुलं (आणि काही पालकही) जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत.

सगळीकडे खुणा त्याच वापरल्या आहेत: नदीची रुंदी र, संथ पाण्यातली पोहण्याची चाल प, नदीच्या पाण्याची चाल न. या काठावरून थेट पलीकडे, काठाला काटकोनात जाणाऱ्या रेषेला 'समोरची रेषा' म्हटलं आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे र = १२० मीटर, प = १ मीटर प्रति सेकंद, न = ०.६ मीटर प्रति सेकंद. आकडे मुद्दाम तेच ठेवलेत. एकाच नदीला वेगवेगळे प्रश्न विचारले की उत्तरं का बदलतात ते दिसतं.

प्रश्न १. गणितात तीन-तीन वेग असतात. कुठला कुणाचा, हेच कळत नाही. ओळखायचं कसं?

प्रत्येक वेगापुढे 'कशाच्या सापेक्ष?' हा प्रश्न लावा. 'संथ पाण्यात तो १ मीटर प्रति सेकंद पोहतो' म्हणजे पाण्याच्या सापेक्ष. 'नदी ०.६ ने वाहते' म्हणजे काठाच्या सापेक्ष. काठावर उभ्या माणसाला पोहणारा ज्या वेगाने सरकताना दिसतो, तो या दोघांची सदिश बेरीज:

काठाच्या सापेक्ष माणूस = पाण्याच्या सापेक्ष माणूस + काठाच्या सापेक्ष पाणी

या प्रकरणात पाठ करण्याजोगं एवढंच. चालत्या लोकलच्या डब्यात तुम्ही एका दारातून समोरच्या दाराकडे आडवे चालत गेलात, तर डब्यातल्या लोकांना तुम्ही सरळ गेलेले दिसता आणि फलाटावरच्याला तिरके. दोघांचंही बरोबर. गॅलिलिओने १६३२ साली बंद जहाजातल्या प्रयोगांचं वर्णन करून हेच मांडलं होतं: जहाज एकसारख्या वेगाने जात असेल, तर आत बसून ते चाललंय की थांबलंय हे कळत नाही.

भाषेतली एक खोच लक्षात ठेवा. 'नाव अमुक वेगाने जाते' एवढंच लिहिलेलं असेल, तर तो वेग पाण्याच्या सापेक्ष की काठाच्या, हे वाक्यावरून ठरवावं लागतं. 'संथ पाण्यात', 'पाण्याच्या सापेक्ष', 'वल्ह्यांनी' असे शब्द आले तर प. 'काठावरून पाहिलं असता', 'प्रत्यक्षात सरळ पलीकडे गेली' असं असेल तर परिणामी वेग.

प्रश्न २. नदी जोरात वाहत असेल, तर पलीकडे जायला वेळ जास्त लागतो ना?

नाक समोरच्या रेषेवर धरून पोहत असाल, तर नाही. जास्तही नाही आणि कमीही नाही. प्रवाह काठाला समांतर असतो, त्यामुळे तो तुम्हाला पलीकडच्या काठाकडे नेत नाही की त्यापासून मागे खेचत नाही. रुंदी कापते ती फक्त तुमच्या वेगाचा आडवा घटक.

वेळ = र/प = १२०/१ = १२० सेकंद. तेवढ्यात पाणी तुम्हाला ०.६ × १२० = ७२ मीटर खाली नेतं. याला वर्गात ड्रिफ्ट म्हणतात. नदी दुप्पट वेगाने वाहू लागली तरी वेळ १२० सेकंदच, ड्रिफ्ट मात्र १४४ मीटर.

इथली नेहमीची चूक अशी. परिणामी वेग √(१ + ०.३६) म्हणजे सुमारे १.१७ मीटर प्रति सेकंद काढायचा आणि १२० ला १.१७ ने भागून '१०३ सेकंद' लिहायचं. हा वेग तिरक्या वाटेवरचा आहे, मग भागायचं तेही तिरक्याच अंतराला. ते √(१२०² + ७२²), म्हणजे सुमारे १४० मीटर. १४० भागिले १.१७, पुन्हा १२० सेकंद. अंतर आणि वेग एकाच दिशेचे घ्या. या प्रकरणातल्या निम्म्या चुका तेवढ्याने टळतात.

प्रश्न ३. 'कमीत कमी वेळात' आणि 'कमीत कमी अंतरात' पार करणं, एकच नाही का?

संथ तळ्यात एकच. नदीत दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी उत्तरं.

कमीत कमी वेळ हवा असेल, तर सगळी ताकद रुंदी कापण्यात घालायची: नाक समोरच्या रेषेवर, वेळ र/प, आणि वाहून जाल तिथे उतरायचं (प्रश्न २).

कमीत कमी अंतर हवं असेल, तर बरोबर समोर उतरायचं. त्यासाठी थोडं प्रवाहाविरुद्ध कलून पोहावं लागतं, इतकं की तुमच्या वेगाचा काठाला समांतर घटक प्रवाहाला नेमका खोडून काढेल. समोरच्या रेषेपासून प्रवाहाविरुद्ध थीटा इतके कललात तर

प × साइन थीटा = न, म्हणून साइन थीटा = न/प = ०.६, थीटा सुमारे ३७ अंश.

उरलेला घटक प × कॉस थीटा = √(प² − न²) = ०.८ मीटर प्रति सेकंद. वेळ = १२०/०.८ = १५० सेकंद. प्रत्यक्ष वाट १२० मीटरची, वेळ मात्र ३० सेकंद जास्त.

दाभोळ-धोपावे किंवा गोव्यात रायबंदर-चोडण फेरीबोटीत बसलात आणि पाण्याला ओढ असेल, तर बोटीचं नाक आणि बोटीची वाट यांच्या दिशा ताडून बघा. धक्का ठरलेला असल्यामुळे तांडेल 'कमीत कमी वेळा'चं गणित सोडवत नसतो.

प्रश्न ४. माझं उत्तर ३७ अंश, मित्राचं ५३, पुस्तकात १२७. बरोबर कोण?

बहुधा तिघंही. समोरच्या रेषेपासून मोजला तर ३७, काठापासून (प्रवाहाविरुद्धच्या बाजूने) मोजला तर ५३, आणि पाणी वाहतं त्या दिशेपासून मोजला तर ९० + ३७ = १२७. 'प्रवाहाच्या दिशेशी कोन' असं विचारलं की उत्तर ९० पेक्षा मोठं यायला हवं, कारण तुम्ही उलट्या बाजूला कललेले आहात. बहुपर्यायी परीक्षेत ३७, ५३ आणि १२७ हे तिन्ही पर्याय हटकून शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. प्रश्नातल्या 'शी' आणि 'पासून' खाली पेन्सिलीने रेघ मारा.

प्रश्न ५. समोरच्या देवळाकडे तोंड ठेवून पोहत राहिलं, तर माणूस बरोबर समोर पोहोचणार नाही का?

पोहोचेल, पण सरळ रेषेत नाही आणि उशिरा.

सुरुवातीला देऊळ समोर आहे, म्हणून तुम्ही समोरच्या रेषेवर पोहता. पाणी तुम्हाला खाली ओढतं. आता देऊळ तुमच्या तिरक्या समोर आलं, म्हणून तुम्ही थोडे प्रवाहाविरुद्ध वळता. पुन्हा खाली ओढले जाता, पुन्हा वळता. शेवटी शेवटी तर जवळजवळ थेट प्रवाहाविरुद्ध झगडावं लागतं. वाट पोटाशी फुगलेली, वक्र.

वेळेचं उत्तर मात्र सुरेख येतं. देवळापासूनचं अंतर 'अ' आणि समोरच्या रेषेपासून खाली सरकलेलं अंतर 'क्ष' धरलं, तर (प × अ + न × क्ष) ही राशी दर सेकंदाला (प² − न²) इतकी घटते, वाटेत कुठेही असलात तरी. सुरुवातीला ती प × र आणि शेवटी शून्य. म्हणून

वेळ = र × प/(प² − न²) = १२०/०.६४ = १८७.५ सेकंद.

प्रश्न ३ मधले १५० आणि हे १८७.५, ताकद दोन्हीकडे तीच. न आणि प समान असतील तर हा गडी देवळापर्यंत कधीच पोहोचत नाही. तो निम्म्या रुंदीइतक्या अंतरावर, देवळाच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठाच्या जवळ-जवळ जात राहतो. जेईईच्या पातळीवर हा प्रश्न कुत्रा-मालक किंवा ससा-कोल्हा अशा वेषातही येतो.

होडी चालवणारे काठावरच्या एका खुणेवर विसंबत नाहीत. एकामागे एक असलेल्या दोन खुणा, समजा पुढे झाड आणि मागे कळस, एका रेषेत दिसत राहतील असं ते सुकाणू धरतात. झाड कळसाच्या बाजूला सरकलं की होडी वाहतेय हे लगेच कळतं. प्रश्न ३ मधला ३७ अंशांचा कल त्यांना असा साइन न काढता सापडतो.

प्रश्न ६. नदी माझ्यापेक्षा वेगवान असेल तर? सूत्रात वर्गमुळाखाली ऋण संख्या येते.

सूत्र बरोबर बोलतंय: बरोबर समोर उतरणं अशक्य आहे. थेट प्रवाहाविरुद्ध पोहलात तरी मागेच जाल. पण नदी पार करणं अशक्य नाही. नाक समोरच्या रेषेवर धरलंत तर वेळ तोच, र/प.

मग पुढचा प्रश्न येतो: वाहून जाणं टळत नाही, तर कमीत कमी किती? समजा न = १.२५ आणि प = १. सरळ समोर नाक धरलं तर १२० सेकंदांत १५० मीटर ड्रिफ्ट. बरीच मुलं इथे 'जितकं प्रवाहाविरुद्ध कलू तितकं बरं' म्हणतात. ते चूक आहे. फार कललात तर आडवा घटक इतका घटतो की पार व्हायलाच खूप वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात पाणी आपलं काम करतं.

अवकलनाने उत्तर येतं, पण आकृतीने लवकर येतं. नदीच्या वेगाचा बाण काढा. त्याच्या टोकाभोवती प त्रिज्येचं वर्तुळ काढा. तुम्ही कुठल्याही दिशेने पोहा, परिणामी वेगाचा बाण नदीच्या बाणाच्या शेपटीपासून निघून या वर्तुळावरच टेकणार. यातला सगळ्यात कमी वाहून नेणारा बाण म्हणजे शेपटीपासून वर्तुळाला काढलेली स्पर्शिका. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून पोहण्याची दिशा परिणामी वाटेला काटकोनात येते. त्रिकोणातून साइन थीटा = प/न = ०.८, थीटा सुमारे ५३ अंश.

आडवा घटक ०.६, वेळ २०० सेकंद, खाली ओढणारा उरलेला वेग १.२५ − ०.८ = ०.४५, ड्रिफ्ट ९० मीटर. सूत्र हवंच असेल तर र × √(न² − प²)/प.

गंमत बघा: समोर उतरायचं असेल तेव्हा साइन थीटा न/प असतो, आणि इथे प/न. मुलं नेमकी याचीच अदलाबदल करतात. साइन एकपेक्षा मोठा येत असेल तर दुसऱ्या घरात शिरलात असं समजा.

प्रश्न ७. समोर नाही, पण ठरावीक ठिकाणीच उतरायचं असेल तर कोन कसा काढायचा?

सुरुवातीच्या जागेपासून त्या ठिकाणापर्यंत रेषा काढा आणि घटक काठाला समांतर घेण्याऐवजी या रेषेला लंब घ्या. रेषेवरून ढळायचं नसेल तर लंब दिशेतले घटक एकमेकांना खोडायला हवेत.

आपल्या मूळ नदीत (न = ०.६) समोरच्या रेषेपासून ९० मीटर खाली धक्का आहे असं धरा. रुंदी १२०, म्हणून वाट १५० मीटर, समोरच्या रेषेशी ३७ अंशांवर. प्रवाहाचा या वाटेला लंब घटक ०.६ × ०.८ = ०.४८. म्हणजे वाटेपासून प्रवाहाविरुद्ध असा कोन घ्यायचा ज्याचा साइन ०.४८ आहे, सुमारे २८.७ अंश. पण वाटच ३७ अंश खाली आहे, म्हणून प्रत्यक्षात नाक समोरच्या रेषेपासून सुमारे ८ अंश *प्रवाहाच्या दिशेने* येतं. दचकू नका. काही न करता ७२ मीटर वाहणारच होता, ९० गाठायचे तर थोडं खाली झुकावंच लागेल. वेळ सुमारे १२१ सेकंद.

याच आकृतीतून 'कमीत कमी किती वेगाने पोहावं लागेल?' हा प्रकारही सुटतो. प्रवाहाचा लंब घटक खोडण्यापुरता वेग हवा, तोही पूर्णपणे वाटेला लंब. प्रश्न ६ मधल्या वेगवान नदीत ९० मीटर खाली धबधबा असेल, तर त्याच्या आत पलीकडे पोहोचायला लागणारी किमान चाल १.२५ × ०.८ = १ मीटर प्रति सेकंद. आकडा ओळखीचा वाटला का? तिथे १ च्या चालीने कमीत कमी ड्रिफ्ट ९० आला होता. एकच गणित, फक्त उलटीकडून विचारलेलं.

प्रश्न ८. पोहून पलीकडे जायचं, मग काठाने चालत समोरच्या जागी यायचं. यात कमीत कमी वेळ कशाने?

दोन टोकांची उत्तरं आधी काढू. चालण्याची चाल १.४ मीटर प्रति सेकंद घ्या. नाक समोर धरून पोहलात तर १२० सेकंद, मग ७२ मीटर चालायला ५१.४, एकूण १७१.४. प्रश्न ३ प्रमाणे थेट समोर गेलात तर १५०, चालणं शून्य. इथवर आले की बहुतेक जण १५० लिहून मोकळे होतात.

खरं उत्तर अधलंमधलं आहे. एकूण वेळेचं अवकलन शून्य केलं की साइन थीटा = प/(न + चालण्याची चाल) = १/२, थीटा ३० अंश. पोहायला १३८.६ सेकंद, ड्रिफ्ट जेमतेम १४ मीटर, चालायला साधारण १० सेकंद. एकूण सुमारे १४८.५.

दीड सेकंद वाचला म्हणून हसू येईल, पण हे सूत्र डोळे मिटून वापरायचं नाही. त्यात गृहीत आहे की तुम्ही खालच्या अंगालाच उतरता आणि वर चालत येता. मिळालेल्या कोनाने प × साइन थीटा हे न पेक्षा मोठं येत असेल, तर सूत्र तुम्हाला समोरच्या जागेच्या वरच्या अंगाला उतरवून 'ऋण' चालायला लावतंय. तेव्हा ते फेकून द्या. अशा वेळी थेट समोर जाणंच सगळ्यात जलद ठरतं.

प्रश्न ९. जाताना प्रवाहाची मदत आणि येताना तेवढाच अडथळा. मग फिट्टंफाट होऊन वेळ संथ पाण्याइतकाच नाही का लागणार?

नाही. मदत थोडा वेळ मिळते आणि अडथळा जास्त वेळ सोसावा लागतो. काठाकाठाने १२० मीटर खाली जायला १२०/१.६ = ७५ सेकंद, परत वर यायला १२०/०.४ = ३०० सेकंद. एकूण ३७५. संथ पाण्यात २४० लागले असते. आणि समोर जाऊन त्याच वाटेने परत यायला (प्रश्न ३) १५० + १५० = ३००.

म्हणजे तेवढंच अंतर, तोच पोहणारा, तीच नदी, पण आडव्या फेरीपेक्षा लांबीतली फेरी नेहमी जास्त वेळ खाते. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ली यांनी याच हिशेबावर आपला प्रयोग उभा केला. प्रकाश हा पोहणारा, आणि अवकाशात भरलेला मानला जाणारा 'ईथर' ही नदी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा ईथरचा प्रवाहही तेवढा असायला हवा. प्रकाशाचा वेग त्याच्या दहा हजार पट, म्हणून दोन फेऱ्यांतला अपेक्षित फरक दहा कोटींत एखाद्या भागाच्या पातळीचा. तो पकडण्याइतकं नाजूक उपकरण त्यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर मांडलं. अपेक्षित फरक सापडला नाही. नदीच नव्हती. हा निष्कर्ष पचायला मात्र पुढे बरीच वर्षं लागली.

दहावीच्या बीजगणितातली 'प्रवाहाच्या दिशेने इतके तास, विरुद्ध दिशेने इतके तास' ही शाब्दिक उदाहरणं याच जातीची. तिथे दोन्ही वेग काढा, बेरजेचं निम्मं म्हणजे नावेची चाल, वजाबाकीचं निम्मं म्हणजे पाण्याची.

प्रश्न १०. पुलाखाली होडीतून बाटली पडली, नावाडी अर्ध्या तासाने परत फिरला, बाटली पुलापासून २ किलोमीटरवर सापडली. होडीचा वेग दिलेलाच नाही! कसं सोडवायचं?

पाण्याबरोबर वाहत बघा. पाण्याच्या नजरेने बाटली जागच्या जागी आहे. नावाडी तिच्यापासून अर्धा तास दूर गेला, तर त्याच चालीने परत यायला अर्धाच तास. म्हणजे बाटली पाण्यात एकूण १ तास होती आणि तेवढ्यात पूल-काठाच्या सापेक्ष २ किलोमीटर गेली. नदीचा वेग ताशी २ किलोमीटर. होडीचा वेग लागलाच नाही.

काठावर उभं राहून सोडवलंत तरी सुटतं, पण पानभर समीकरणं मांडावी लागतात आणि होडीचा वेग शेवटी आपोआप कटतो. तो कटलेला पाहून आश्चर्य वाटत असेल, तर प्रश्न १ पुन्हा वाचा.

प्रश्न ११. वाहत चाललेला चेंडू पकडायचा आहे. तो पुढे कुठे पोहोचेल, तिथे नेम धरायचा ना?

नको. सरळ चेंडूकडेच पोहा. चेंडूही पाण्याबरोबर वाहतोय आणि तुम्हीही, तेव्हा एकमेकांच्या सापेक्ष प्रवाह कटतो. अंतर ४० मीटर असेल तर ४० सेकंदांत हातात. दोन होड्या एकाच नदीत एकमेकींकडे येत असतील तरी हेच; भेटायला किती वेळ लागेल यात न येतच नाही. कुठे भेटतील, यात मात्र येतो.

काठावर स्थिर असलेल्या गोष्टीकडे तोंड ठेवून पोहण्याचा परिणाम वेगळा, तो प्रश्न ५ मध्ये आहे.

प्रश्न १२. खऱ्या नदीत काठाशी पाणी संथ आणि मध्यात जोर असतो. मग ही सगळी गणितं खोटी का?

खोटी नाहीत, ढोबळ आहेत. नाक समोरच्या रेषेवर असेल तर वेळ अजूनही र/प, कारण त्यात न कधी नव्हताच. बदलतो तो ड्रिफ्ट: आता न च्या जागी रुंदीवरची सरासरी घ्यायची.

परीक्षेत दोन नमुने येतात. वेग काठाशी शून्य, तिथून एकसारखा वाढत मध्यात कमाल आणि पुन्हा शून्य: सरासरी कमाल वेगाच्या निम्मी. मध्यात ०.६ असेल तर ड्रिफ्ट ०.३ × १२० = ३६ मीटर, आणि अर्ध्या नदीपर्यंतची वाट परवलय. दुसरा नमुना, वेगाचा आलेखच परवलयी: सरासरी कमाल वेगाच्या दोन तृतीयांश, ड्रिफ्ट ४८ मीटर. या वेळी वाट परवलय नसते, घन वक्र असते. 'वेग परवलयी म्हणून वाटही परवलय' हा पर्याय सापळा म्हणून दिलेला असतो.

ठिकाणागणिक बदलणाऱ्या प्रवाहात कमीत कमी वेळाची वाट कुठली, हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एर्न्स्ट झर्मेलो यांनी १९३१ साली मांडला आणि सोडवला. त्याला आजही झर्मेलोचा मार्गनिर्देशन प्रश्न म्हणतात. तो तुमच्या अभ्यासक्रमात नाही, निवांत राहा.

प्रश्न १३. खाडीत भरती-ओहोटीला प्रवाहच उलटतो. तेव्हा काय?

सगळीकडे एकाच वेळी सारखा बदलणारा प्रवाह असेल, तर पाण्याच्या नजरेने काहीच बिघडत नाही. तुम्ही एकाच दिशेने पोहत राहा. एकूण ड्रिफ्ट म्हणजे त्या वेळातली पाण्याची सगळी सरक, अधिक-उणे चिन्हांसह.

इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांच्या नकाशावरच्या वाटा बघा. सर्वांत अरुंद जागी खाडी सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि तिथे साधारण सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. पोहणारा नाक जवळजवळ समोर धरून चाललेला असतो, तरी नकाशावर नागमोडी वाट उमटते. तो प्रत्येक क्षणी ड्रिफ्ट खोडत बसला, तर प्रश्न ३ मधल्यासारखा आडवा वेग गमावेल, आणि काही तासांनी समुद्र जे फुकट परत देणार होता त्यासाठी दमेल. भरतीचं एक आवर्तन सुमारे साडेबारा तासांचं; तेवढा वेळ पोहलात तर दोन्ही बाजूंची सरक बरीचशी फिटते. शेवटच्या तासात मात्र चालत नाही, कारण ठरलेलं भूशिर हुकलं की किनारा आणखी लांब जातो.

प्रश्न १४. होडीवरचा झेंडा कुठल्या दिशेला फडकेल, यात नदीचा वेग घ्यायचा की नाही?

घ्यायचा, पण आडून. झेंडा दाखवतो होडीच्या सापेक्ष वारा: वाऱ्याचा वेग वजा होडीचा *काठाच्या सापेक्ष* वेग. त्या वेगात नदी आधीच मिसळलेली असते. प्रश्न ३ मधली होडी उत्तरेला ०.८ ने जातेय आणि पश्चिमेचा वारा ०.८ ने आहे, तर झेंडा आग्नेयेला फडकेल. वारा कुठून येतो त्यावरून त्याचं नाव, पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जातो. प्रवाहाची दिशा मात्र पाणी कुठे जातं त्यावरून सांगतात.

प्रश्न १५. विमान आणि आडवा वारा, पाऊस आणि छत्री: हे वेगळं शिकावं लागतं का?

विमानाचं अजिबात नाही. वारा म्हणजे नदी, विमान म्हणजे पोहणारा, प्रश्न ३ आणि ७ जसेच्या तसे. पावसात बेरीज नसून वजाबाकी असते, कारण तिथे चालणाऱ्याच्या सापेक्ष पाऊस विचारलेला असतो.

प्रश्न १६. मग पुस्तकातला कोन वापरून मी खरी नदी पोहू शकेन?

नाही. शंभर मीटरचे जगातले सर्वोत्तम पोहणारेसुद्धा तरणतलावात सेकंदाला दोन मीटरांच्या थोडेच पुढे असतात, आणि तेही मिनिटभरापुरते. सरावाच्या साध्या माणसाला १ मीटरही बराच वेळ टिकवणं जड जातं. पावसाळ्यात फुगलेल्या नदीचा वेग याच्या कितीतरी पुढे सहज जातो, म्हणजे तुम्ही प्रश्न ६ च्या परिस्थितीत असता. शिवाय भोवरे, पाण्याखालच्या फांद्या, बंधाऱ्याखालची मागे ओढणारी लाट यांतलं काहीच या पानावरच्या गणितात नाही.

प्रश्न १७. सूत्र लिहिलं, पण बरोबर आहे का याची खात्री कशी करू?

न च्या जागी शून्य टाका. नदी तळं झाली, आता प्रत्येक वेळेचं उत्तर र/प यायला हवं. प्रश्न ३ आणि ५ ची सूत्रं तपासा, दोन्ही येतात. मग न हा प इतका करा: समोर जाण्याचा वेळ अनंत व्हायला हवा, प्रश्न ६ मधला कमीत कमी ड्रिफ्ट शून्याकडे जायला हवा. याशिवाय एककं. नदी 'ताशी ३ किलोमीटर' आणि रुंदी मीटरमध्ये हा जुना डाव आहे, ३.६ ने भागलं की मीटर प्रति सेकंद. उत्तर सेकंदांत हवं की मिनिटांत, तेही प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत परत एकदा बघा.